घरी कळलं का?

बातमीपत्राची वेळ जवळ आली की आमच्या ऑफिसात सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. कारण रोज एकच असायचं. अक्का फोनवर असायच्या.

कॅमेरा लागलेला, दिवे तापलेले, एडिटिंगवाला काचेच्या पलीकडून टकटक करतोय, चॅनलचे मालक कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतायत, आणि अक्का टेबलाच्या कडेला उभ्या राहून कुठल्यातरी ठाण्यातल्या हवालदाराला विचारतायत, "ते सगळं खरं हो साहेब. पण घरी कळलं का?"

पलीकडचा माणूस काहीतरी सांगायचा.

"कळलं असेल, हे नको. कळलं का ते सांगा. कोण गेलं होतं घरी?"

अपघात असो, कुणी विहिरीत पडलेलं असो, शॉक लागून गेलेलं असो, मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरी पोचल्याची खात्री झाल्याशिवाय अक्का ते वाचायच्या नाहीत. 'एक तरुण' म्हणायच्या, 'एक महिला' म्हणायच्या, आणि पुढच्या बातमीला जायच्या. बाकीची चॅनलं नाव, गाव, फोटो, सगळं दाखवून मोकळी झालेली असायची. मालक, त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो, डोकं धरून बसायचे.

सोलापूरच्या सात रस्ता चौकात मोबाइलच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. स्टुडिओच्या खिडक्या जाड फोम लावून बंद केलेल्या, तरी चौकातले हॉर्न आत यायचेच. अक्का त्या हॉर्नच्या मधल्या जागा शोधून वाचायच्या असं आम्ही म्हणायचो. चॅनलला धड नाव नव्हतं, बातमीपत्र कॅसेटवर घेऊन स्कूटरवरून केबलवाल्यांकडे पोचवायचे, तेव्हापासून त्या वाचत होत्या. सर त्यांना अक्का म्हणायचे, नगरसेवक म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंही म्हणायची. घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. वडिलांनी आयुष्यभर चादरी विणल्या. मराठी त्या शाळेत शिकल्या, आणि अशी शिकल्या की पेठांतल्या बायका पैजेवर सांगायच्या, ही पुण्याची. फक्त राग आला की तेलुगू सुरू व्हायचं. तेव्हा आम्ही खोलीतून बाहेर पडायचो.

पडद्यावर त्या अर्ध्याच दिसायच्या. इरकल साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, ताठ मान. टेबलाखाली एक पाय खुर्चीवर मुडपलेला, दुसरा अनवाणी, चपला दाराशी. सरांनी चाकांची खुर्ची आणली तेव्हा एक दिवस बसल्या आणि दुसऱ्या दिवशी जुनी लाकडी खुर्ची गोदामातून स्वतः ओढत घेऊन आल्या. "खुर्ची हलली की बातमी हलते," म्हणाल्या.

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. कुठल्या भागात कधी येणार हे अक्का वाचायच्या, त्यामुळे निम्म्या गावाला वाटायचं की पाणी अक्काच सोडतात. अक्का शुक्रवार पेठेत एकट्या राहायच्या. तिथून ऑफिसला येताना शेअर रिक्षात बसल्या की शेजारची बाई सुरू व्हायची, "काल तुमी सांगितलं आज येतंय म्हणून. कुटं आलं? घागरी मांडून बसले की मी!" दुसरी कुणी असती तर हसली असती. अक्का रिक्षातूनच पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरला फोन लावायच्या. "मी सांगितलं आणि आलं नाही. म्हणजे मी खोटी पडले. आता या बाईंना तुम्हीच सांगा," म्हणून फोन त्या बाईच्या कानाला.

मी या चॅनलमध्ये आले ती त्यांच्याच खुर्चीसाठी, हे पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

सर मुंबईची चॅनलं बघत बसायचे आणि दर काही महिन्यांनी आमच्याकडे काहीतरी बदलायचं. आधी पडद्यावर खाली लाल पट्टी आली. मग बातमीआधी ढोल बडवल्यासारखं संगीत. मग उभं राहून वाचणं. मग निवेदकच बदलायला लागले. एक मुलगा आला, तो दर वाक्याला टेबलावर मूठ आपटायचा. पाण्याची बातमीसुद्धा अशी वाचायचा की लोकांना वाटावं धरण फुटलं. एक मुलगी आली, ती सहा महिन्यांत पुण्याला गेली. मग मी.

माझं गाव सांगोल्याकडचं. वडिलांची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. मी जुळे सोलापूर भागात मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहून कॉलेज केलं. सर वाचून दाखव म्हणाले तेव्हा घाबरून मी "तालुक्यात पाऊस न्हाय" असं वाचलं. एडिटिंगवाला हसला. सरही हसले. अक्का हसल्या नाहीत. "न्हाय तर न्हाय. पाऊस नाही हे ऐकणाऱ्याला कळलं ना? पुढं वाच," एवढंच म्हणाल्या.

पुढं सरांनी मला ब्लेझर दिला आणि ओरडायला शिकवलं. मी पहिल्यांदा पडद्यावर दिसले त्या दिवशी वडिलांचा फोन आला. "लई वरडतीस की गं. आमी काय बहिरं हाय व्हय? म्हातारी दचकून उठली."

अक्का माझ्याशी वाईट कधी वागल्या नाहीत. पण गोडही नव्हत्या. आम्हां दोघींत कायम एक ताण असायचा. सातचं बातमीपत्र अक्कांचं ठरलेलं, पण बाकीची कोण वाचणार हे सर शेवटच्या घटकेला ठरवायचे. आम्ही दोघी साड्या-ब्लेझर घालून, तोंडाला पावडर लावून, एकमेकींकडे न बघता तयार बसायचो. नाव पुकारलं जायचं आणि दुसरी उठून तोंड धुवायला जायची. माझं नाव आलं की अक्का माझा कागद मागून घ्यायच्या आणि शब्द खोडायच्या. भीषण. थरारक. रक्ताचा सडा.

"अक्का, सरांनी लिहिलंय ते."

"किती गेले ते सांग, कुठं ते सांग. भीषण आहे का नाही ते तिला कळतं."

"कुणाला?"

"तिला." त्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवायच्या. "त्याच्या पलीकडं गाव नसतं. एक बाई असते. तिच्या तव्यावर भाकरी आहे आणि कान आपल्याकडं आहे. तिच्या हातातली भाकरी पडेल असं बोलायचं नाही."

मग मी आत जायचे. सर काचेपलीकडून हातवारे करायचे, आवाज वाढव, वाढव. आणि मला अक्कांनी खोडलेले शब्द आठवत राहायचे. कुणाचं ऐकायचं हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं.

एकदा सरांनी संगणकानं बनवलेली निवेदिका आणली. खरी बाई नाही, नुसतं चित्र, पण ओठ हलवून घडाघडा वाचणारी. पगार नको, रजा नको, मेकअप नको. सर खुशीत होते. अक्का बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. "चांगली वाचते," म्हणाल्या. "हिला फोन करता येतो का?"

"कुणाला?"

"घरी."

सर हसले. मग हसायचे थांबले. ती निवेदिका हवामान वाचायला ठेवली.

तो दिवस लग्नसराईतला. दुपार कलत असताना अक्कलकोट रस्त्यावर जीप आणि टँकरची धडक झाल्याचं कळलं. टॉवेलच्या कारखान्यातले चार तरुण मित्राच्या लग्नाहून परत येत होते. तिघं जखमी, एक जागीच गेला. थोड्या वेळानं नाव-पत्ताही आला. श्रीनिवास. कारखान्याच्या सुपरवायझरनं दवाखान्यात ओळखलं होतं, पोलिसांनीही दुजोरा दिला होता. शंकेला जागा नव्हती.

"घरी कळलं का?" अक्कांनी ठाण्यात फोन लावला.

"माणूस पाठवतोय," असं उत्तर आलं.

तेवढ्यात आमचा कॅमेरामन बोलून गेला, की हे घर मला माहीत आहे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. बिडी वळणारी बाई आहे, एकुलता एक मुलगा. तो सहज बोलला. पण सर उभेच राहिले.

"दवाखान्यात सगळेच आहेत. घर कुणाकडं नाही. घर आपल्याकडं आहे." ते माझ्याकडं वळले. "तू जा. आत शिरलीस की लगेच लाइव्ह. आईची पहिली प्रतिक्रिया आपल्याकडं पाहिजे."

"पण सर, त्यांना कळलं नसेल तर?"

"पोलीस निघालेत. तू पोचेपर्यंत कळलेलं असेल."

"असेल?" अक्का म्हणाल्या.

सर वळले. "अक्का, आज वाद नको. दुसऱ्या चॅनलवाल्यांच्या हातात नाव आहे. कुठल्याही क्षणी टाकतील. आपण काय फक्त बघत बसायचं?"

अक्कांनी दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरायला लागल्या. सर कठड्यावरून वाकून ओरडले, "अक्का, सातचं बातमीपत्र आहे! अक्का!"

इतक्या वर्षांत सातचं बातमीपत्र त्यांनी सोडलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

चॅनलची जुनी व्हॅन. कॅमेरामन चालवत होता, अक्का त्याच्या शेजारी, मी मागं. सात रस्त्याला नेहमीसारखी गर्दी. माझ्या कानात सरांचा फोन. "पोचलात का? कुठवर आलात?" मी हातातल्या मोबाइलवर त्या दुसऱ्या चॅनलचं लाइव्ह लावलं होतं. त्यांचा निवेदक जीपचा चेंदामेंदा पुन्हा पुन्हा दाखवत ओरडत होता, मृताचं नाव थोड्याच वेळात, आमच्यासोबत राहा. सिग्नलला गाडी थांबली. अक्का समोरच्या काचेकडं बघत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी त्या म्हणाल्या, "इथंच थांबव. कॅमेरा गाडीत राहील."

"अक्का, सरांना काय सांगू?"

त्यांनी हात लांबवला, गाडी बंद केली आणि चावी काढून कमरेला खोचली. "सांग, अक्कानं चावी काढून घेतली."

मग माझ्याकडं बघून, "तू चल. तो लाल माइक ठेव इथं. कानातलं ते फोनचं काढ."

मी काढलं. का काढलं ते माहीत नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं की विचार करायला वेळच मिळाला नाही.

गल्लीत पाऊल टाकताच समजलं, पोलीस आलेले नाहीत. उंबऱ्याउंबऱ्याला बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होत्या. दोन पोरी सायकल शिकत होत्या. कुणीतरी कांदा परतत होतं. मला पळून जावंसं वाटलं.

त्या बाईचं दार उघडंच होतं. तीही सूप घेऊन बसलेली. चाळिशीपलीकडची, बारीक, पानाच्या वासाचे पिवळे हात. दारात सावली पडली म्हणून तिनं वर बघितलं, आणि तिचं तोंड एकदम उजळलं.

"अगंबाई! अक्का! टीव्हीतल्या अक्का!" ती सूप बाजूला सारून उठली. "लोपलिकी रा अक्का, आत या, आत या. कूर्चो. बसा. ए, बघा गं कोण आलंय आमच्याकडं!"

ती खरंच आनंदली होती. तिनं सतरंजी झटकली, पदरानं खुर्ची पुसली. मलाही ओळखलं. "ही पण असती की! ही जरा वरडती." आणि हसली. "बिडीवाल्यांचं दाखवणार का? मग जरा साडी बदलते. माझा मुलगा लई खूश होईल. तो म्हणतो, आई, आपली गल्ली कधी टीव्हीवर येत नाही."

अक्का बसल्या नाहीत. "अम्मा, तू बस," म्हणाल्या.

"मी कशाला बसू? चहा ठेवते ना." आणि चहाकडं जाता जाता तिचं लक्ष कोपऱ्यातल्या टीव्हीकडं गेलं. त्यावर मालिका चालू होती. "थांबा, तुमच्या बातम्या लावते. नाही लावलं तर तुमी म्हणाल, ही बघतच नाही." तिनं रिमोट उचलला.

कुठलं चॅनल लागेल ते सांगता येत नव्हतं. तिचा अंगठा बटणावर होता. अक्कांनी दोन पावलांत तिला गाठलं आणि तिचा हात रिमोटसकट आपल्या दोन्ही हातांत धरला. टीव्ही बंद झाला.

"काय झालं, अक्का?"

अक्का तेलुगूत बोलल्या. अगदी हळू. "वाडु लेडम्मा."

मला तेलुगू येत नाही. पण सोलापुरात राहून एवढं कळतं. वाडु म्हणजे तो, लेडु म्हणजे नाही. माणूस घरात नाही यालाही तेच म्हणतात आणि जगात नाही यालाही.

ती बाई हसली. "व्हय, नाही तो. लग्नाला गेलाय. आत्ता येईल की. तुमी चहा घेईपर्यंत येईल."

अक्कांनी डोळे मिटले. मी त्यांना पडद्यावर किती वेळा बघितलं होतं. एकदाही अडखळल्या नव्हत्या. आता त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मग त्यांनी तिला जवळ ओढलं, तिच्या डोक्यामागं हात ठेवला आणि म्हणाल्या, "श्रीनिवास इंक लेडु." आता नाही.

ती हलली नाही. अक्कांच्या खांद्यावरून तिचे डोळे माझ्याकडं होते. माझ्या ब्लेझरकडं, मग माझ्या हाताकडं, जणू मी काहीतरी लपवून आणलंय. खिशात माझा फोन थरथरत होता. सरांचा. थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

"टीव्हीवर सांगितलं?" तिनं विचारलं.

"नाही. आधी तुला."

"मग सांगू नका," ती म्हणाली. समजावल्यासारखी, अगदी शांतपणे. "अक्का, तुमच्या हातात आहे ना? तुमी सांगू नका."

अक्का काही बोलणार तेवढ्यात शेजारच्या घरातून, भिंतीपलीकडून, त्या दुसऱ्या चॅनलचं ढोल बडवणारं संगीत वाजलं. मागोमाग निवेदकाचा चिरका आवाज आला, आणि श्रीनिवासचं नाव, आडनावासकट, गल्लीचं नाव, पुन्हा नाव. गल्लीतल्या टीव्हींवर एकामागून एक तोच आवाज उमटत गेला. बाहेर सूप पडल्याचा आवाज झाला. कुणीतरी किंचाळलं. ती बाई मात्र किंचाळली नाही. अक्कांच्या अंगावर तिचा सगळा भार आला आणि त्या दोघीही हळूहळू खाली बसत गेल्या.

शेजारणी धावत आत शिरल्या तेव्हा मी बाहेर आले आणि फोन घेतला.

"कुठं आहेस? त्यांनी नाव टाकलं! घरातून लाइव्ह घे, आत्ता!"

"सर, चावी अक्कांकडं आहे, कॅमेरा गाडीत आहे. आणि मी मोबाइल काढणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मी बरं म्हटलं. त्या दिवशी सातला आमच्या चॅनलवर नुसत्या दागिन्यांच्या आणि साड्यांच्या जाहिराती लागत राहिल्या. बातम्या वाचायला ऑफिसात कुणीच नव्हतं. अक्का त्या घरातून दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्या.

सरांनी मला काढलं नाही. सकाळी स्वतःच फोन करून बोलावलं. पण अक्का आल्यावर त्यांचा बांध फुटला. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "सगळ्या सोलापूरला माहीत होतं, अक्का. एक आपल्याच प्रेक्षकांना माहीत नव्हतं. हे बातम्यांचं चॅनल आहे!"

"तिला कळलं होतं," अक्का म्हणाल्या आणि फोनची डायरी काढून कामाला लागल्या.

सर तसे वाईट नव्हते. त्यांच्या डोक्यावर केबलवाले होते, जाहिरातदार होते, मोबाइलवर रोज एक नवं चॅनल निघत होतं. अक्कांना काढायचं त्यांनी ठरवलंही असेल. पण जाहिरातदार म्हणायचे, सातला अक्काच हव्यात. म्हणून बाकी सगळी बातमीपत्रं माझ्याकडं आली, उभं राहून, लाल पट्टीसकट, आणि सातचं अक्कांकडं राहिलं, लाकडी खुर्चीत. दोघींच्या मधला तो ताण कमी झाला, पण गेला नाही. एका खोलीत दोन प्रकारच्या बातम्या, आणि दोन्ही एकाच गावच्या.

मग एक दिवस ती बाई ऑफिसात आली.

तीन जिने चढून आली होती. धापा टाकत होती. तिच्या हातात पिशवी होती आणि तिच्यात अक्कांसाठी घरच्या कुरडया. मी तिला खुर्ची दिली. अक्का तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मी उठून जायला लागले तर तिनंच मला हातानं बसवलं. "तू पण होतीस," म्हणाली.

बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. बिडीच्या पानांचं, शेजारणीच्या सुनेचं. मग थांबली.

"अक्का, एक सांगते. रागवू नका."

"सांग."

"तुमी त्या दिवशी आला ते बरं केलं. भिंतीतून ऐकलं असतं तर मी तितंच मेले असते. देवानं तुमाला पाठवलं असं मी सगळ्यांना सांगते." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण सात वाजले की तुमी टीव्हीवर येता. तेच कुंकू. तोच आवाज. तुमी तोंड उघडलं की माझ्या पोटात गोळा येतो. वाटतं, माझ्याच घरात आल्या. आता परत सांगणार. मी टीव्ही बंद करते, अक्का. रोज बंद करते. पण शेजारी पण तुमालाच लावतात ना. भिंतीतून येतो आवाज. कानात बोटं घालून बसते मी, तुमचं संपेपर्यंत. तुमची काही चूक नाही. मी काय करू ते सांगा."

अक्कांचा चेहरा मी बघू शकले नाही. मी टेबलाकडं बघत होते. चौकातून हॉर्न येत होते.

"बरं झालं सांगितलंस," शेवटी अक्का म्हणाल्या. त्यांनी तिला पाणी दिलं, कुरडया ठेवून घेतल्या, तिचा हात धरून तिन्ही जिने उतरून तिला रिक्षात बसवून दिलं. वर आल्या आणि सातचं बातमीपत्र वाचलं. त्या दिवशी वेळच नव्हता दुसरं काही करायला. पण मी काचेपलीकडं उभी होते. इतकं हळू वाचलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एडिटिंगवाल्याला आवाज दोनदा वाढवावा लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या नेहमीसारख्या तयार होऊन आल्या. चपला दाराशी काढल्या, कागद वाचले, ठाण्यात फोन केला. खुर्चीत बसल्या. दिवे लागले. आणि मग उठल्या, कॉरिडॉरमध्ये येऊन माझं मनगट धरलं, मला आत नेलं आणि खुर्चीत बसवलं.

"अक्का, हे काय?"

"वाच."

"सरांना..."

"मी सांगते सरांना. तू वाच."

सरांना त्यांनी सांगितलं ते एवढंच, की आवाज बसलाय. सरांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, लाल पट्टीचा राग, माझा राग, त्या दिवशीच्या बोलण्याचा राग. त्यांनी विनवण्या केल्या. पट्टी काढतो म्हणाले, संगीत बंद करतो म्हणाले. मी असे हवालदिल झालेले सर पहिल्यांदाच बघत होते. गावात तर वेगळंच पसरलं. अक्का म्हाताऱ्या झाल्या म्हणून काढलं, तरुण पोरगी आणून बसवली. रिक्षावाले मला तोंडावर बोलायचे. एका दुकानदारानं जाहिरात बंद केली. माझ्या वडिलांनीसुद्धा फोनवर विचारलं, "त्या बाईला तू उटीवलंस व्हय गं?" मी नाही म्हटलं आणि म्हातारीची चौकशी केली.

एकदा मी अक्कांना म्हटलं, "निदान सरांना तरी खरं सांगा. लोक त्यांना शिव्या देतायत."

"सांगितलं की ते कुणाला तरी सांगणार. मग कुणीतरी तिच्या दाराशी कॅमेरा घेऊन जाणार, अक्कांना तुम्ही का बंद केलं म्हणून." त्या पुन्हा फोनकडं वळल्या. "सर घट्ट आहेत. त्यांना सोसतं."

अक्का आजही ऑफिसात येतात. कुणी गेल्याची बातमी आली की फोन त्याच लावतात. पडद्यावर मात्र त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

पण मला आठवते ती पहिलीच संध्याकाळ. मी त्यांच्या खुर्चीत बसले होते आणि त्या कॅमेऱ्याच्या मागं, दिव्यांच्या पलीकडं उभ्या होत्या. मला त्या दिसत नव्हत्या. मी वाचत गेले. ओरडले नाही. कुठं थांबायचं तेही मला धड कळत नव्हतं. संपलं, दिवे विझले, तेव्हा त्या तिथंच होत्या, भिंतीला टेकून, हात छातीशी घट्ट बांधून.

"कसं झालं, अक्का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्या कॅमेऱ्याकडं बघत होत्या.

"आज तिनं टीव्ही बंद केला नसेल," अक्का म्हणाल्या.